खोबरं आवडतं, कोकम आवडतं, मग सोलकढी का आवडत नाही?

रत्नागिरीतल्या एखाद्या खानावळीत दुपारी दीडच्या सुमाराला जाऊन बसलात, तर हा प्रसंग हमखास बघायला मिळतो. घाटावरून आलेलं एक कुटुंब टेबलावर बसलेलं असतं. गणपतीपुळ्याचं दर्शन आटोपलेलं असतं, भूक कडकडून लागलेली असते. सुरमईची थाळी येते. तळलेली तुकडी, कालवण, तांदळाची भाकरी, भात आणि कडेला एक वाटी. वाटीत फिकट गुलाबी, दुधासारखं काहीतरी.

घरातलं सगळ्यात लहान मूल ती वाटी आधी उचलतं. रंग बघून त्याला मिल्कशेक आठवलेला असतो. पहिला घोट घेतल्याबरोबर चेहरा बदलतो आणि वाटी टेबलाच्या मधोमध सरकवली जाते. मग आईबाबा एकेक घोट घेऊन बघतात. बाबा वाटी संपवतात, वर दुसरी मागतात. आई मात्र एका घोटावर थांबते.

"अहो ताई, नारळाचं दूध आणि कोकम, एवढंच तर आहे त्यात," वाढणाऱ्या काकू समजावतात.

अडचण नेमकी इथेच आहे. या ताईंना ओलं खोबरं आवडतं. कोकम सरबताची बाटली त्यांनी तासाभरापूर्वीच बाजारातून घेतलेली आहे. लसणाची चटणी तर त्यांच्या घरी बारा महिने असते. म्हणजे सोलकढीत त्यांना न आवडणारी एकही गोष्ट नाही. तरी सोलकढी आवडत नाही.

असं वागणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे एक शब्द तयार असतो: नखरे.

आणि हे फक्त सोलकढीचं नाही. मोदकाचं सारण वाटीभर खाणारी, पण उकडीचा मोदक पुढे केला की नको म्हणणारी माणसं घरोघरी असतात. दूध आवडतं, भात आवडतो, पण दूधभात बघवत नाही. केळं रोज खातात, शिकरण मात्र घशाखाली उतरत नाही. प्रत्येक भाग आवडतो, पण ते भाग एकत्र आले की जी गोष्ट तयार होते ती आवडत नाही. हे कसं काय? गणित चुकतंय कुठे?

आधी वाटीत काय घडतं ते बघू

रातांबा उन्हाळ्यात पिकतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. पिकलेल्या फळाची साल काढायची, ती त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवायची आणि दरवेळी उन्हात वाळवायची, की काळपट लाल आमसूल तयार होतं. यालाच कोकणात सोलं म्हणतात आणि सोलकढीतलं 'सोल' ते हेच. मीठ घालून मुरवलेला रस म्हणजे आगळ. 'सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम' या नावाने या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हापूसच्या मानांकनाची जेवढी चर्चा झाली तेवढी याची झाली नाही, पण ते हापूसच्या दोन वर्षं आधीचं आहे.

कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल भरपूर असतं. आंबटपणा मुख्यतः त्याचा. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. आता दुसऱ्या बाजूला नारळाचं दूध घ्या. ते दिसायला एकजीव असलं तरी प्रत्यक्षात पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक बारीक थेंब असतात. हे थेंब एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येकाभोवती प्रथिनांचं पातळ आवरण असतं. कोकमाचं आम्ल मिसळलं की हे आवरण कमजोर होतं. त्यात वरून उष्णता दिली तर ते तुटतं, तेल एकीकडे आणि पाणी दुसरीकडे. स्वयंपाकघरातल्या भाषेत, दूध फुटतं. म्हणून नावात कढी असली तरी सोलकढी चुलीवर उकळत नाहीत.

लसणाचंही असंच. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की आतली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. लसणाचा तो झणझणीत वास त्यातून येतो. लसणाची ही गंधकयुक्त द्रव्यं स्निग्ध पदार्थात चांगली विरघळतात आणि नारळाचं दूध तर स्निग्धच. त्यामुळे वास नारळाच्या दुधात मुरतो आणि घोट गिळल्यावरही तोंडात रेंगाळतो.

आता ताईंच्या घरची लसणाची चटणी आठवा. तिथे लसूण सुक्या खोबऱ्याबरोबर भाजलेला, तिखटमिठाने झाकलेला आणि भाकरीच्या तुकड्याला चिमूटभर लावलेला असतो. सोलकढीत तो कच्चा, गार आणि घोटाघोटात. दोन्हीकडे नाव लसूणच आहे. पण नाव सारखं असलं म्हणून जिभेवर येणारी वस्तू सारखी असते असं नाही. म्हणजे 'भाग तेच' हे आपलं गृहीतकच मुळात थोडं कच्चं आहे.

तोंड बेरीज करत नाही

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. नाक चिमटीत घट्ट धरा आणि हापूसची एक फोड तोंडात टाका. गोड लागेल, थोडं आंबट लागेल, बस्स. आता नाक सोडा. क्षणात 'आंबा' हजर होतो.

आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा वासाचा असतो. जीभ ढोबळपणे गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखते. बाकी सगळा तपशील घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढणाऱ्या वासातून येतो. गंमत म्हणजे वास नाकात ओळखला जात असला तरी मेंदू तो तोंडातच लागतोय असं भासवतो.

नाकात वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात. (हे रिसेप्टर शोधल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं.) एक वास एकाच रिसेप्टरला जागं करत नाही, अनेकांना एकदम करतो. त्यातून एक नक्षी उमटते आणि मेंदू ती नक्षी ओळखतो. दोन वास मिसळले की दोन नक्ष्या शेजारी शेजारी राहत नाहीत, तिसरीच तयार होते.

ऑस्ट्रेलियन संशोधक डेव्हिड लेंग यांनी १९८०च्या दशकात लोकांना वासांची मिश्रणं हुंगायला देऊन त्यात काय काय आहे ते विचारलं. मिश्रणात तीन-चारपेक्षा जास्त वास असले की लोक अडखळायला लागले. सुटा दिला तर प्रत्येक वास सहज ओळखता येत होता, एकत्र आल्यावर तो सापडेना. म्हणजे सोलकढीचा घोट घेताना मेंदू 'हे खोबरं, हे कोकम, हा लसूण, ही कोथिंबीर' अशी हजेरी घेत नाही. त्याच्यासाठी ती स्वतःचा चेहरा असलेली एक वेगळी वस्तू असते.

गाणं ऐकणाऱ्यांना हे सांगायला नकोच. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधाराला मान, देशकारात धैवताला. एक संध्याकाळी गायचा, दुसरा सकाळी. सूर मोजून कुणी राग ओळखायला गेलं तर फसेल. ज्याला भूप जीव की प्राण आहे त्याला देशकार ऐकताना काहीच वाटत नाही, असं असू शकतं आणि त्यावर 'अरे, पण सूर तर तेच आहेत ना' असं म्हणून कुणी त्याच्याशी वाद घालत नाही. जेवणाच्या ताटावर मात्र घालतात.

ही गोष्ट उलट्या दिशेनेही चालते, हे आपण विसरतो. हिंग कुणी नुसता खात नाही. मेथीदाणे चघळायला कुणाला आवडत नाही. पण त्यांच्याशिवायची आमटी बेचव वाटते. न आवडणाऱ्या भागांमधून आवडती गोष्ट तयार झाली तर आपण त्याला सुगरणपणा म्हणतो. आवडत्या भागांमधून नावडती गोष्ट तयार झाली की खाणाऱ्याचा दोष काढतो.

मग दोष वासांच्या मिसळण्याचा का?

पूर्ण नाही. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये दोन-दोन वास मिसळून लोकांना ते किती सुखद वाटतात हे तपासलं होतं. साधारण असं दिसलं की मिश्रणाची गोडी ही दोन सुट्या वासांच्या गोडीच्या मधे कुठेतरी पडते. म्हणजे दोन चांगले वास एकत्र आले तर निष्पन्न होणारा वास साधारण चांगलाच असायला हवा.

मग त्या ताईंच्या कपाळावर आठी का आली? याचं एक उत्तर तोंडात नाही, डोळ्यांत आहे.

२००८ सालीच इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाचे मार्टिन यिओमन्स आणि प्रसिद्ध शेफ हेस्टन ब्लूमेंथल यांनी मिळून एक विचित्र पदार्थ लोकांना खायला दिला: धुरावलेल्या सॅमन माशाचं आईस्क्रीम. काहींना सांगितलं, हे आईस्क्रीम आहे. काहींना सांगितलं, हा गोठवलेला खारा मूस आहे. पदार्थ एकच. 'आईस्क्रीम' ऐकून खाणाऱ्यांना तो अजिबात आवडला नाही, शिवाय तो जास्त खारट लागला. 'खारा पदार्थ' ऐकून खाणाऱ्यांना तो बरा वाटला.

आता ती गुलाबी वाटी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. कोकणाबाहेरच्या माणसाच्या आयुष्यात फिकट गुलाबी, दुधाळ, गार पेय म्हणजे काय काय असतं? स्ट्रॉबेरी मिल्कशेक, गुलाबाचं सरबत घातलेलं दूध, फालुदा. सगळं गोड. ओठाला वाटी लागायच्या आधी मेंदूने साखरेची तयारी केलेली असते. आणि येतं काय, तर मीठ, आंबटपणा आणि लसूण. हा नुसता अपेक्षाभंग नसतो. तोंडात अनपेक्षित काही आलं की शरीर सावध होतं, कारण खराब झालेलं अन्न ओळखायची आपली जुनी यंत्रणा हीच आहे. दुधाळ आणि आंबट हे समीकरण घाटावरच्या घरात 'दूध नासलं' असंच वाचलं जातं.

मुळात सुटा भाग कुणी खाल्लाय?

आता खरा मुद्दा. "मला कोकम आवडतं" असं ताई म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं? कोकम सरबत. म्हणजे कोकम, भरपूर साखर, जिऱ्याची पूड आणि थंडगार पाणी. नुसतं आमसूल चावून खायला दिलं तर त्या किती खातील, शंकाच आहे. "मला खोबरं आवडतं" म्हणजे नारळाची वडी, करंजी, नाहीतर पोह्यांवर भुरभुरलेलं ओलं खोबरं. लसूण म्हणजे भाजलेली चटणी.

थोडक्यात, ज्याला आपण 'भाग' म्हणतो तो आपण सुटा कधी चाखलेलाच नसतो. तो कुठल्या तरी दुसऱ्या पदार्थातून ओळखीचा झालेला असतो. कोकम आवडतं याचा अर्थ 'साखरेच्या सोबतीतलं कोकम आवडतं' इतकाच. सोबत बदलली की ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते. ऑफिसातला मित्र आवडतो, लहानपणीची मैत्रीण आवडते, म्हणून त्या दोघांना एकत्र घेऊन केलेली सहल झकास होईलच असं नाही. तसंच काहीसं.

आणि ज्याला आपण एक भाग समजतो तोही आतून एक मिश्रणच असतो. हापूसचंच घ्या. त्याचा सुगंध एका द्रव्याचा नाही, तो डझनावारी बाष्पशील द्रव्यांचा मिळून होतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) त्यावर बरंच काम झालं आहे. कैरी पिकत जाते तसा द्रव्यांचा हा संच बदलत जातो, पिकताना नवी द्रव्यं त्यात येतात. यातली काही द्रव्यं सुटी हुंगायला दिली तर कुणाला त्यात आंबा सापडणार नाही.

फणसाचा दाखला

चव आणि वास बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: पोत. म्हणजे तोंडात लागणारा स्पर्श. याचा सगळ्यात सोपा दाखला रत्नागिरीच्या परसातच आहे.

फणस दोन प्रकारचा, कापा आणि बरका. काप्याचे गरे टणक, दातांखाली करकरीत. बरक्याचे मऊ, बुळबुळीत, धाग्यांचे, न चावता सटकन घशाखाली जाणारे. वास आणि गोडवा दोघांनाही आहे, रसाळपणात तर बरका सरसच. पण काप्यावर तुटून पडणारी कितीतरी माणसं बरक्याला हात लावत नाहीत. गंमत पुढे आहे. त्याच बरक्याचा रस काढून तांदळाच्या रव्यात घालून सांदणं केली, किंवा रस ताटात पसरून उन्हात वाळवून फणसपोळी केली, की तीच माणसं चवीने खातात. नावड फणसाची नव्हतीच, बुळबुळीतपणाची होती.

उकडीच्या मोदकाचं कोडं इथेच सुटतं. सारण आवडतं ते खोबऱ्याच्या दाणेदार, ओलसर लागण्यामुळे. भात आवडतो तो मोकळा म्हणून. मोदकात मात्र तोच तांदूळ मऊ, चिकट पारी होऊन येतो आणि सारणाच्या दाणेदारपणाला वेढून टाकतो. त्यावर तूप. ज्याला चिकट पोत नको वाटतो त्याला इथे गूळ-खोबरं वाचवू शकत नाही. साहित्य तेच असलेली तळणीची करंजी तो माणूस चार खाईल, कारण तिथे पारी कुरकुरीत आहे. पारीत तांदूळ नसून मैदा-रवा असतो हे खरं, पण बहुतेकांना फरक धान्याचा पडत नाही, कुरकुरीतपणाचा पडतो. हळदीच्या पानात उकडलेले पातोळे मात्र मोदक न खाणाऱ्यांपैकी काहींना चालतात. तांदूळ, गूळ, खोबरं सगळं तेच, पण पारी पातळ आणि पानाचा वास वरचढ. प्रमाण हलवलं की पदार्थ हलतो.

कधी कधी मात्र गुन्हेगार एखादा भागच असतो आणि तो लपून बसलेला असतो. कोथिंबिरीतली काही द्रव्यं साबणातही सापडणाऱ्या द्रव्यांच्या जातीची असतात आणि वासाच्या एका विशिष्ट जनुकामुळे काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते. भारतात असे लोक कमी आहेत, पण आहेत. सोलकढी नको म्हणणाऱ्याने एकदा कोथिंबीर न घालता करून बघायला हरकत नाही.

मग रत्नागिरीकरांना ती का आवडते?

कारण त्यांची ओळख फार आधी झालेली असते. किती आधी? अमेरिकेतल्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमध्ये ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी १९९१ साली अंगावर पाजणाऱ्या आयांना लसणाच्या गोळ्या दिल्या. साधारण दोन तासांनी दुधाला लसणाचा वास यायला लागला. बाळांनी तोंड वाकडं केलं का? उलट ती जास्त वेळ अंगाशी लागून राहिली. आईच्या जेवणातले वास गर्भजलातही उतरतात, हेही नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

म्हणजे कोकणातल्या घरात जन्मलेल्या पोराला सोलकढीचा पहिला घोट खऱ्या अर्थाने पहिला नसतो. (अर्थात सगळ्याच घरांत सोलकढीला लसूण लागत नाही. कोकणातल्या अनेक ब्राह्मण घरांत तो वगळतात.) शिवाय त्या पोरासाठी गुलाबी वाटीचा संबंध मिल्कशेकशी नसून माशाच्या जेवणाशी असतो. तिखट कालवणानंतर गार घोट, की जेवण पूर्ण. घाटावरचा पाहुणा तीच वाटी जेवणाआधी, नुसती, पेय म्हणून पितो. तिथेही पुन्हा सोबत बदलते.

कुठल्या गोष्टी एकत्र छान लागतात याचा काही जागतिक नियम असेल का, हेही शोधून झालंय. २०११ साली संशोधकांनी जगभरातल्या ५६ हजारांहून जास्त पाककृतींची तपासणी केली. पाश्चात्त्य स्वयंपाकात साधारणपणे एकमेकांशी जुळणारी गंधद्रव्यं असलेले जिन्नस एकत्र येतात असं दिसलं. पूर्व आशियात हे उलट होतं. २०१५ मध्ये आयआयटी जोधपूरच्या गणेश बागलर आणि सहकाऱ्यांनी अडीच हजारांहून जास्त भारतीय पाककृती घेतल्या, त्यात महाराष्ट्रीय पदार्थांचाही वेगळा गट होता. निष्कर्ष असा की भारतीय स्वयंपाकात एकमेकांशी न जुळणारे जिन्नस मुद्दाम जमवल्यासारखे एकत्र येतात आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा मसाल्यांचा आहे. म्हणजे आपलं जेवण मुळातच विजोड गोष्टींचा संसार आहे. तो सवयीने गोड होतो, आणि सवय ज्याची त्याला.

जाता जाता एक घोळ मिटवू. आयुर्वेदात विरुद्ध आहाराची कल्पना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत असं सांगितलंय, कारण एक उष्ण वीर्याचा आणि दुसरा शीत. तिथे मुद्दा न मानवण्याचा आहे, न आवडण्याचा नाही. (मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येतं, या समजुतीला आधुनिक वैद्यकात आधार मिळालेला नाही.) कोकणाने मात्र यावर आपला तोडगा काढलाय: मासे दुधातच शिजवायचे, फक्त ते दूध नारळाचं असायला हवं.

"एक घास खाऊन तर बघ"

एवढं सगळं समजून घ्यायचं कारण काय? तर ताटावरून होणारी भांडणं. गणपतीत मुंबईहून चाकरमानी गावी येतात, घर भरतं, पंगत बसते. नवी सून मोदक नको म्हणते. नातू सोलकढीची वाटी ढकलतो. "सारण तर चोरून खातोस, मग मोदकाला काय झालं?" असा तर्क केला जातो आणि तो वरवर बिनतोड वाटतो. भाग आवडतात हे कबूल केलंस, मग पूर्ण वस्तू नाकारतोस म्हणजे मुद्दाम करतोस. सासरी पहिल्या वर्षी हा तर्क ऐकलेल्या मुलींना तो चांगला आठवत असेल. नावडीचा अर्थ घराचा अपमान असा लावला जातो, आणि मग ती मुलगी पुढची अनेक वर्षं दर चतुर्थीला मुकाट्याने मोदक गिळत राहते.

मुलांच्या बाबतीत या जबरदस्तीचा परिणाम मोजून झालेला आहे. पेन स्टेट विद्यापीठात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लहान मुलांना दोन प्रकारचं सूप दिलं गेलं. एका सुपाच्या वेळी 'संपव बघू' असा तगादा लावला, दुसऱ्याच्या वेळी काहीच म्हटलं नाही. तगाद्याचं सूप मुलांनी कमी प्यायलं आणि त्याला नावंही जास्त ठेवली. याच गटातल्या लीन बर्च यांनी त्याआधीच दाखवलं होतं की नवा पदार्थ पुन्हा पुन्हा, थोडा थोडा, बिनबोभाट समोर येत राहिला की मुलं हळूहळू तो स्वीकारतात. त्याला आठ-दहा, कधी पंधरा वेळा लागतात. बहुतेक आया तिसऱ्या वेळी हार मानतात किंवा आवाज चढवतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पाच माणसांच्या स्वयंपाकात एवढा धीर कुठून आणायचा?

ताटातली भाजी आमटीला लागली तरी जेवण थांबवणारी मुलंही असतात. दोन ते सहा या वयात हे बऱ्याच जणांत दिसतं आणि ओसरतं. काहींत ते ओसरत नाही. विशेषतः ऑटिझम असलेल्या मुलांना मिश्र पोत सहन होत नाही असं अनेकदा आढळतं. खाण्याचे पदार्थ इतके कमी होत गेले की वजन आणि वाढ यांवर परिणाम व्हायला लागला, तर त्याला वैद्यकीय नाव आहे: आरफिड. मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात ते २०१३ पासून आहे. अशा वेळी पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत वाढणं म्हणजे मुलाला डोक्यावर बसवणं नव्हे. डॉक्टरांना दाखवायला हवं, बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करता येते.

खानावळीतल्या त्या ताईंची गोष्ट एवढी गंभीर नाही. त्यांच्यासाठी उपाय साधे आहेत. वाटी हातात देतानाच "ही खारट-आंबट आहे बरं का, लसणाची, भातावर घ्या" एवढं एक वाक्य वाढणाऱ्याने सांगितलं तर सॅमनच्या आईस्क्रीमचा घोळ टळतो. भाताबरोबर घेतली की पोतही बदलतो. बिनलसणाची मागता येते. आणि नारळाचं दूध न घालता, नुसत्या कोकमाच्या पाण्याला फोडणी देऊन केलेली कढी मिळाली तर तीही चाखून बघावी. ती गुलाबी नसते, दुधाळ नसते आणि गरमही वाढतात.